विश्लेषण : जुन्या गाडीला मोठा टर्बो... नाकापेक्षा मोती जड?

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. मात्र जुन्या गाडीला मोठा टर्बोचार्जर बसवण्याच्या हौसेला मोल असते, आणि ते बहुतेक वेळा टर्बोच्या किमतीपेक्षा बरेच जास्त निघते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या टर्बो पेट्रोल गाड्या घेऊन त्या घरच्या आवारात किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये हळूहळू उभ्या करणाऱ्या तरुणांची संख्या कमी नाही. गाडी हातात आली की पहिला प्रश्न हमखास एकच असतो : कोणता टर्बो टाकायचा? खरे तर हा प्रश्न यादीत सर्वांत शेवटी यायला हवा. तो पहिला विचारला गेला की पुढचा सगळा हिशेब चुकत जातो. तो कसा, हे एका ठोस उदाहरणावरून पाहू.

उदाहरण ऑक्टाव्हिया आरएसचेच का?

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस भारतात २००४ मध्ये आली. महाराष्ट्राशी तिचे नाते थेट आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळील शेंद्रा येथील कारखान्यात ऑक्टाव्हियाची जोडणी होत असे. भारतीय बाजारात टर्बो पेट्रोल गाडी ही जवळपास ऐकिवातही नव्हती, त्या काळात ही गाडी १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन घेऊन आली. युरोपातील आरएस १८० अश्वशक्तीची होती. भारतात मिळाली ती १५० अश्वशक्ती आणि २१० न्यूटन मीटर टॉर्कची.

हा ३० अश्वशक्तीचा फरकच पुढे हौशी मंडळींच्या डोक्यात बसला. ‘आपल्याला कमी दिले’ ही भावना आणि ‘इंजिन तेच आहे, म्हणजे जागा आहे’ हा तर्क, या दोन्हींतून या गाडीचे अपग्रेड सुरू झाले. तर्कात तथ्य आहे. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १७८१ घनसेंमी क्षमता असे हे इंजिन फोक्सवॅगन समूहाने ऑडी, सीट, स्कोडा अशा अनेक गाड्यांत वापरले. त्यामुळे त्याच्याविषयी जगभरात भरपूर माहिती जमा झाली आहे आणि टर्बोचे पर्यायही भरपूर आहेत. घोळ होतो तो याच भरपूर पर्यायांमुळे.

टर्बो नेमके करतो काय?

इंजिनाची ताकद शेवटी ते किती हवा गिळते यावर ठरते. जितकी हवा, तितके पेट्रोल जाळता येते. टर्बोचार्जर सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूंवर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्येच घेतले होते. तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही.

यातला महत्त्वाचा मुद्दा असा की टर्बो स्वतः ताकद निर्माण करत नाही. तो फक्त हवा पुरवतो. त्या हवेला जोडीचे पेट्रोल, योग्य क्षणी ठिणगी, दाबामुळे तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, वाढलेला जोर सोसणारे कनेक्टिंग रॉड, तो चाकांपर्यंत नेणारा क्लच आणि गाडी थांबवणारे ब्रेक, हे सगळे इतरांनी करायचे असते. एकट्या टर्बोचा आकार वाढवणे म्हणजे घरातले नळ आणि पाइप जुनेच ठेवून गच्चीवर मोठा पंप बसवण्यासारखे आहे. पाणी वाढेल, पण आधी कुठला सांधा फुटेल ते सांगता येणार नाही.

हवेचे गणित कसे मांडायचे?

हे गणित कागदावर दहा मिनिटांत होते आणि तेवढे केले तरी अर्धे चुकीचे निर्णय टळतात. पेट्रोल इंजिनासाठी ढोबळ नियम असा, की मिनिटाला एक किलो हवेमागे साधारण २२ अश्वशक्ती मिळते. म्हणजे १५० अश्वशक्तीसाठी मिनिटाला सुमारे ६.८ किलो, २०० साठी सुमारे ९ किलो आणि ३०० साठी साडेतेरा किलोंपेक्षा थोडी जास्त हवा लागते.

आता इंजिन स्वतःच्या बळावर किती हवा घेते ते पाहू. १७८१ घनसेंमीचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरते. ६००० फेऱ्यांना ते मिनिटाला सुमारे ५३४० लिटर हवा ओढते. भरण्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ४८०० लिटर. समुद्रसपाटीला, २५ अंश तापमानाला या हवेचे वजन होते साधारण ५.७ किलो. म्हणजे २०० अश्वशक्तीसाठी हवा सुमारे १.६ पट घट्ट करावी लागेल. इंटरकूलरमधून बाहेर पडणारी हवा ५० अंशांवर आहे असे धरले, तर त्यासाठी मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे १.७३ पट हवा. मधल्या पाइपांत आणि इंटरकूलरमध्ये होणारी घट धरून टर्बोला सुमारे १.८५ पट दाब द्यावा लागेल.

म्हणजे २०० अश्वशक्तीचे लक्ष्य फार मोठे नाही. ३०० साठी मात्र हेच गुणोत्तर पावणेतीनच्या आसपास जाते. मूळ टर्बोच्या चाकाला हे झेपणारे नाही. ‘थोडा बूस्ट वाढवू’ असे म्हणत २०० वरून ३०० कडे सरकता येत नाही. ते दोन वेगळे प्रकल्प आहेत, हे या आकड्यांवरूनच दिसते.

कॉम्प्रेसर मॅप कसा वाचायचा?

चांगल्या कंपन्या प्रत्येक टर्बोचा एक आलेख देतात. आडव्या अक्षावर हवेचे वजन, उभ्या अक्षावर दाबाचे गुणोत्तर आणि मध्ये कार्यक्षमतेची वर्तुळे, साधारण डोंगराच्या नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखी. डावीकडची रेषा ‘सर्ज’ची. तिच्या पलीकडे गेले की दाबलेली हवा उलटी फिरते, चाकाला हादरे बसतात आणि बेअरिंग जाते. उजवीकडची कड ही गुदमरण्याची. तिथे चाक कितीही वेगाने फिरले तरी हवा वाढत नाही, फक्त तापते.

वर काढलेला ९ किलो आणि १.८५ हा बिंदू मॅपवर मांडायचा. मग त्याच दाबाला ३००० फेऱ्यांचा बिंदूही मांडायचा. तिथे हवा निम्मी, म्हणजे साडेचार किलोंच्या आसपास असेल. पहिला बिंदू मधल्या वर्तुळांत आणि दुसरा सर्ज रेषेच्या उजवीकडे पडला, तर टर्बो गाडीला जुळतो. पहिला बिंदू वर्तुळांच्या डाव्या कडेला लोंबकळत असेल, तर टर्बो मोठा झाला. ज्या टर्बोचा मॅपच उपलब्ध नाही, त्याचा विचार तिथेच थांबवलेला बरा.

मॅपबरोबर टर्बाइनच्या घराचे ‘ए बाय आर’ गुणोत्तरही पाहावे लागते. ते लहान असेल तर टर्बो लवकर जागा होतो, पण वरच्या फेऱ्यांत धूर बाहेर पडायला अडतो. मोठे असेल तर उलटे होते. शहरात आणि घाटात फिरणाऱ्या गाडीला लवकर जागा होणारा टर्बोच हवा.

पर्याय कोणते?

ऑक्टाव्हिया आरएसपुढे ढोबळमानाने चार वाटा आहेत. पहिली, मूळ के-०३ टर्बो उघडून नवीन बेअरिंग व सील घालून, चाकांचा तोल तपासून पुन्हा बसवणे. दुसरी, त्याच जातीचा जरा मोठा के-०३एस. युरोपातील १८० अश्वशक्तीच्या आवृत्तीत हाच होता. तिसरी, के-०४ टर्बो. आणि चौथी, गॅरेटच्या जीटी२८६०आरएससारखा बॉल बेअरिंगचा टर्बो. हौशी मंडळींनी त्याला ‘डिस्को पोटॅटो’ असे नाव ठेवले आहे. तो तीनशेच्या पुढची ताकद देऊ शकतो.

आकर्षण चौथ्याचे असते. पण पहिल्या दोन वाटांत गाडी गाडीसारखी राहते. टर्बो दोन हजार फेऱ्यांच्या आसपास कामाला लागतो, कसारा किंवा ताम्हिणी घाटात गिअर न बदलता गाडी चढते. तिसऱ्या वाटेवर इंजेक्टर, इंटरकूलर आणि संगणकाचे ट्यूनिंग अनिवार्य होते. चौथ्या वाटेवर मॅनिफोल्ड, तेलाच्या व पाण्याच्या लाइन, एक्झॉस्ट असे जवळपास सगळेच नव्याने करावे लागते आणि इंजिनही उघडावे लागते. रोजच्या वाहतुकीत, जिथे गाडी तीन हजार फेऱ्यांच्या वर क्वचितच जाते, तिथे हा टर्बो बहुतेक वेळ झोपलेलाच असतो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

आधी काय तुटते?

या इंजिनाचा ब्लॉक दणकट असला, तरी त्याचे कनेक्टिंग रॉड ही त्याची मर्यादा आहे. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की रॉड अश्वशक्तीने वाकत नाहीत, टॉर्कने वाकतात. अडीच-तीन हजार फेऱ्यांना एकदम पूर्ण बूस्ट देणारे ट्यूनिंग चालवायला मजेदार वाटते, पण रॉडवर सर्वाधिक घाव तिथेच बसतो. जाणकार ट्यूनर खालच्या फेऱ्यांत टॉर्कला मुद्दाम लगाम घालतात आणि ताकद वरच्या फेऱ्यांत वाढवतात. ट्यूनरला विचारायचा पहिला प्रश्न ‘किती अश्वशक्ती मिळेल’ हा नसून ‘कोणत्या फेऱ्यांना किती टॉर्क देणार’ हा असायला हवा.

दुसरी बाब तेलाची. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेऱ्या घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. या इंजिनांत तेल वेळेवर न बदलल्यास गाळ साचतो, तेल ओढणारी जाळी तुंबते आणि टर्बोकडे जाणाऱ्या बारीक नळीत तेल जळून कोळसा होतो. अशा गाडीत नवा टर्बो बसवला तर तोही जुन्याच्याच मार्गाने जातो. दोष मात्र टर्बोला दिला जातो. म्हणून टर्बो बदलण्याआधी तेलाचे चेंबर उतरवून जाळी पाहणे आणि ती नळी नवी घालणे, या दोन गोष्टींना पर्याय नाही.

याशिवाय कॉम्प्रेशन चाचणी, लीक-डाउन चाचणी, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, कडक होऊन तडकलेले व्हॅक्यूमचे रबरी पाइप आणि बूस्टची गळती, एवढे तपासून घ्यावे लागते. अनेकदा एवढ्या दुरुस्तीनंतर गाडी इतकी मोकळी धावू लागते की मालकाला मोठ्या टर्बोची गरजच उरत नाही. वीस वर्षांच्या गाडीने तिचे मूळ १५० घोडे कधीच गमावलेले असतात. आधी तेच परत आणणे हे सर्वांत स्वस्त अपग्रेड आहे.

ऊन, उंची आणि ई-२० चा काय संबंध?

परदेशी व्हिडीओ पाहून टर्बो निवडणाऱ्यांचे गणित इथेच कोसळते. हवा दाबली की तापते. बाहेर ४० अंश तापमान असताना १.८५ पट दाब दिला आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के असली, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा सुमारे १२५ अंशांवर पोहोचते. कार्यक्षमता ६० टक्क्यांवर घसरली तर १४० अंशांवर. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात ४० अंश हे काही अपवादात्मक नाही. एवढी गरम हवा थेट सिलिंडरमध्ये गेली तर ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. त्याला नॉकिंग म्हणतात. इंजिनाचा संगणक मग ठिणगी मागे ढकलतो, ताकद कमी होते आणि धुराचे तापमान वाढते. म्हणजे मोठ्या इंटरकूलरवरचा खर्च हा आपल्याकडे चैनीचा नव्हे, गरजेचा आहे.

उंचीचेही तसेच. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, तर महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास. वर हवा विरळ होते. मुंबईत जे काम १.७३ पट दाबाने होते, त्यासाठी महाबळेश्वरला दोन पटींहून जास्त दाब लागतो. मुंबईत जेमतेम पुरणारा टर्बो घाट चढल्यावर मर्यादेबाहेर फिरू लागतो.

तिसरा मुद्दा पेट्रोलचा. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलचे ऑक्टेन मूल्य जास्त असल्याने नॉकिंगच्या बाबतीत त्याचा फायदाच होतो. पण त्यात ऊर्जा कमी असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, तर ई-२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. २०० अश्वशक्तीसाठी प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ३३० ते ३४० घनसेंमी इंधन देणारा लागत असेल, तर ई-२० वर तो आकडा ३५५ ते ३६५ होतो. इंजेक्टर आधीच पूर्ण उघडे असतील तर संगणकाला पुढे काही करता येत नाही. मिश्रण पातळ होते आणि पूर्ण बूस्टवर पातळ मिश्रण म्हणजे वितळलेला पिस्टन. शिवाय २००४ ची गाडी ई-२० साठी बनवलेली नाही. तिचे इंधन पाइप, सील आणि पंप तपासून बदलणे हा टर्बोच्या यादीतला नसला, तरी टर्बोइतकाच महत्त्वाचा खर्च आहे. दहा वर्षांपूर्वी केलेले ट्यूनिंग आजच्या पेट्रोलवर तसेच चालेल, हे गृहीत धरणेही धोक्याचे आहे.

कंपनीने स्वतः काय केले?

याच इंजिनाची २२५ अश्वशक्तीची आवृत्ती ऑडी टीटीमध्ये होती. तिथे समूहाच्या अभियंत्यांनी केवळ के-०४ टर्बो टाकून काम भागवले नाही. कॉम्प्रेशन कमी केले, एकाऐवजी दोन इंटरकूलर दिले, मोठे इंजेक्टर दिले आणि सगळा संगणकीय नकाशा नव्याने लिहिला. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा, चाचणी केंद्रे आणि हजारो तासांचा वेळ होता, त्यांना दीडशेवरून सव्वादोनशेवर जाताना एवढे बदलावे लागले. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत फक्त टर्बो बदलून तेच मिळेल, अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे त्या अभियंत्यांना वेड्यात काढणे आहे.

स्वस्त टर्बोचा मोह का टाळावा?

ऑनलाइन बाजारात नामांकित टर्बोसारखे हुबेहूब दिसणारे, निम्म्याहून कमी किमतीचे टर्बो मिळतात. कुर्ल्याच्या बाजारात वापरलेले टर्बोही मिळतात. वापरलेला टर्बो घेणे वाईट नाही, मात्र तो उघडून, चाकांची पाती आणि दांड्याचा खेळ तपासून, तोल करून घ्यायला हवा. अनोळखी नकलेचे मात्र तसे नाही. तिच्या धातूचा दर्जा कळत नाही, तोल कळत नाही आणि मॅप नसतो. लाखावर फेऱ्यांनी फिरणारे चाक फुटले तर त्याचे तुकडे इंजिनाकडे जाऊ शकतात, सील गेला तर इंजिनाचे सगळे तेल एक्झॉस्टमध्ये जाऊन आग लागू शकते. पैसे कमी असतील तर चांगल्या प्रतीचा लहान टर्बो घ्यावा, वाईट प्रतीचा मोठा नव्हे.

कायदा काय सांगतो?

ही बाजू सर्वांत कमी चर्चिली जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांहून वेगळे होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका कायम ठेवली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

‘आरसीवर टर्बोचा उल्लेखच नसतो’ असा युक्तिवाद हौशी मंडळी करतात. तांत्रिकदृष्ट्या तो आकर्षक आहे, पण गाडीला मिळालेली मान्यता ही तिच्या मूळ इंजिनाच्या उत्सर्जनावर आधारलेली असते. त्यातच मोठ्या टर्बोबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याची पद्धत आहे. तिथे हा युक्तिवाद टिकत नाही. जे प्रदूषण आपल्या मागच्या दुचाकीस्वाराच्या छातीत जाते, त्याला हौस हे उत्तर असू शकत नाही.

व्यवहारातली अडचण आणखी मोठी आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर आरटीओत तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. ऑक्टाव्हिया आरएस आज याच टप्प्यावर आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर दाव्यावर वाद होणार हे उघड आहे. त्यात दुसऱ्याचा जीव गेला असेल, तर तो वाद फक्त पैशांचा राहत नाही. ताशी १०० ऐवजी १४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकना जवळपास दुप्पट ऊर्जा शोषावी लागते. मूळ ब्रेक आणि घासलेल्या टायरवर मोठा टर्बो चालवणारा धोका फक्त स्वतःचा पत्करत नाही.

मग सगळे बेकायदा ठरवून प्रश्न सुटेल का?

नाही, आणि इथे दोष एकट्या मालकांचा नाही. जर्मनीत गाडीत बदल करता येतो. तो तपासणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो आणि गाडीच्या कागदपत्रांत त्याची नोंद होते. ब्रेक, टायर, उत्सर्जन सगळे पाहिले जाते. आपल्याकडेही असा मार्ग पूर्णपणे अनोळखी नाही. सीएनजी किट किंवा जुन्या गाडीला विद्युत किट बसवायचे, तर त्या किटला पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता घेता येते आणि आरसीवर बदलाची नोंद होते. ताकद वाढवणाऱ्या बदलांसाठी मात्र असा रस्ताच नाही. परिणामी जबाबदारीने, ब्रेकसकट सगळे काम करणारा आणि नकली टर्बो लावून कन्व्हर्टर फेकून देणारा, हे दोघेही कायद्याच्या नजरेत एकाच रांगेत उभे राहतात. पहिल्याला नियम पाळण्याचे कोणतेच बक्षीस नाही. म्हणून काम लपून होते, आणि लपून होणारे काम क्वचितच चांगले होते.

तपासणी शुल्क घ्या, ताकदवाढीवर मर्यादा घाला, ब्रेक व उत्सर्जनाची चाचणी सक्तीची करा, विम्याचा हप्ता वाढवा, पण दार उघडा, ही मागणी अवाजवी नाही. तोपर्यंत मोठ्या टर्बोच्या गाडीची जागा बंदिस्त ट्रॅकवरच आहे. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, अशा जागा त्यासाठीच आहेत. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरवल्या गेल्या आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ही मात्र चाचणीची जागा नाही.

निवड कशी करावी?

आधी गाडी कशासाठी आहे ते एका वाक्यात लिहावे. रोज ऑफिसला जाणारी, सुट्टीत घाट चढणारी की फक्त ट्रॅकवर नेली जाणारी? तिन्ही उत्तरे एकाच टर्बोतून मिळत नाहीत. मग हवे असलेल्या ताकदीवरून हवेचे वजन काढावे, ते मॅपवर मांडावे आणि त्या बिंदूला पुरणारा सर्वांत लहान टर्बो निवडावा. सर्वांत मोठा नव्हे.

पैशांचा क्रमही ठरवून घ्यावा. पहिला पैसा इंजिनाच्या तब्येतीवर, दुसरा ब्रेक, टायर आणि सस्पेन्शनवर, तिसरा थंडावा आणि इंधनपुरवठ्यावर, चौथा क्लचवर. त्यानंतर टर्बो आणि त्याच्याच बरोबरीने आजच्या पेट्रोलवर, इथल्या हवेत केलेले ट्यूनिंग. ट्यूनिंगसाठी पैसे उरत नसतील, तर टर्बो विकत घेण्याचीच वेळ आलेली नाही, असे समजावे. ऋण काढून सण साजरा करता येतो, पण अशा सणाची किंमत दुसऱ्या दिवशी टो-व्हॅनवर मोजावी लागते.

रस्त्यावर चालवायच्या ऑक्टाव्हिया आरएससाठी या सगळ्याचे उत्तर बहुतेक वेळा कंटाळवाणे निघते : मूळ टर्बो नीट दुरुस्त करून घ्या, इंजिन सुस्थितीत आणा आणि गाडी चालवा. हा सल्ला ऐकून मित्रमंडळींत टाळ्या पडणार नाहीत. पण आज चांगल्या स्थितीतल्या अशा गाड्या दुर्मीळ होत चालल्या आहेत. त्यातली एक मूळ रूपात, सगळे घोडे शाबूत ठेवून आणखी दहा वर्षे रस्त्यावर राहिली, तर ती तीनशे अश्वशक्तीच्या पण गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून असलेल्या गाडीपेक्षा केव्हाही मोठी कामगिरी आहे.